माझ्याच हरकतीवर माझी हरकत

प्रति,
मा. भूमापन अधिकारी,
मोजणी व हद्द नोंदणी कार्यालय

विषय: सार्वजनिक मैदानाच्या हद्दीची फेरमोजणी करून माझी सही रद्द करण्याबाबत.
संदर्भ: रहिवाशांची हरकत, आवक क्र. ४१७.

महोदय,

मी आपल्याच कार्यालयात सत्तावीस वर्षं मोजणीची साखळी धरली. आता निवृत्त आहे. अक्षरं मी गेल्या वर्षी शिकलो, म्हणून लिहिण्यात उशीर झाला.

१. मैदानाच्या कडेला शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दोन खोल्या आहेत. त्या मैदानाच्या जागेत आल्या, त्या पाडाव्यात, अशी संदर्भातील हरकत आहे. तिच्यावर पहिली सही माझी आहे. कागद फिरवणारे म्हणाले, "काका, आता तुम्हाला सही येते, मान तुमचा." मागे रांग होती. ओळीखाली बोट ठेवून वाचताना लोकांनी पाहू नये, म्हणून मी न वाचता सही केली. अंगठा न उठवता केलेली ती माझी पहिली सही.

२. मैदानाची मोजणी बावीस वर्षांपूर्वी झाली, तेव्हा साखळीचं टोक माझ्या हातात होतं. कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडाला गांधीलमाश्यांचं पोळं होतं. मी दगडापासून अकरा पावलं पुढे, बाईंच्या जागेत, झाडाखाली उभा राहिलो. मोजणीदार साहेबांनी लांबून विचारलं, "दगडावर आहे ना रे?" मी म्हणालो, "आहे साहेब." त्यावरून नकाशा झाला. बाईंनी पुढे खोल्या बांधल्या त्या खऱ्या दगडाच्या अलीकडे, स्वतःच्या जागेत. मैदान अकरा पावलं वाढलं ते माझ्यामुळे.

३. त्यातल्याच एका खोलीत, शिलाई यंत्राशेजारी बसून, मी बाईंकडून अक्षरं शिकलो. नोटीस आली तेव्हा बाईंनी ती आम्हा शिकणाऱ्यांना वाचून दाखवली. मला विचारलं, "काका, तुम्ही मोजणीला होतात ना? असं कसं झालं हो?" मी म्हणालो, "नकाशात असेल तेच खरं." नोटिशीला जोडलेलं हरकतीच्या सह्यांचं पान आलं तेव्हा त्यांनी कागद पालथा ठेवला आणि पाटी काढायला सांगितली. माझं अक्षर त्यांनीच घडवलं आहे. त्यांनी सही ओळखली की नाही, हे विचारायला मला तोंड उरलं नाही.

४. सही मागे घ्यायला मी कार्यालयात तीनदा आलो. सांगण्यात आलं की हरकत घेण्याचा नमुना आहे, मागे घेण्याचा नाही. शेवटी खिडकीवरचे कारकून म्हणाले, "आजोबा, मग तुमच्या हरकतीवर तुम्हीच हरकत घ्या." ते हसत होते. मी नमुना मागून घेतला. तो सोबत आहे. 'कोणाविरुद्ध' या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आहे.

तरी सोमवारच्या सुनावणीआधी फेरमोजणी व्हावी. दगड गवतात अजून आहे, मी काल जाऊन हात लावून आलो. पोळंही आहे. टोक धरायला मला बोलवावं. आता यंत्रानं मोजतात हे मला ठाऊक आहे. तरी दगडावर मी उभा राहीन. खोट्या माहितीबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी, खोल्यांना देऊ नये.

एरवी माझं लिहिलेलं बाई तपासून देतात. हा अर्ज त्यांना दाखवलेला नाही. यातल्या चुका माझ्या आहेत.

आपला,
(सही)
निवृत्त साखळीवाला
दि. ९ डिसेंबर

सोबत: १. भरलेला हरकतीचा नमुना.
२. दगडाची जागा दाखवणारं हातानं काढलेलं चित्र.