खाऱ्या बांगड्याचं पाणी

रुपाली,

मी माटुंग्याला तुझ्या नणंदेकडे जाते, संध्याकाळी येईन. तोंडावर बोलायला जीभ वळत नाही, म्हणून लिहिते.

गच्चीवरची तुझी अवाकाडोची कलमं करपली ती तुझ्या खताने नाही. खारे बांगडे धुतलेलं पाणी मी तुझ्या ठिबकच्या पिंपात ओतलं. गावी माडांना आम्ही तेच घालायचो, नारळ असे लागायचे की बघत राहावं. म्हटलं, हिच्या चिमूटभर पावडरीने कुठलं झाड पोसणार! आज दादरच्या रोपवाल्याला पान दाखवलं. तो म्हणाला, "आजी, ह्या झाडाला मीठ सोसत नाही."

काल तू रडत होतीस आणि मी वर म्हटलं, "पुस्तकं वाचून शेती होत नाही गो." खरं सांगायला तेव्हा तोंड उघडलं नाही. एरवी कधी बंद असतं?

पिंप धुतलंय. कलमांना मगाने भरपूर साधं पाणी घातलंय, तूही घाल, मीठ निघून जाईल. सात शेंडे अजून हिरवे आहेत. गावी अवाकाडोची बाग लावायचा बेत मोडू नको. जमीन तुला दिली ती दिली.

चिठ्ठी माझ्या विनीतला दाखवलीस तरी चालेल. नाही दाखवलीस तर बरं.

आई