पंगतीची तबकडी

कुकाणा, ता. नेवासा
रविवार, दुपार

ती. आप्पासाहेब दाजींना रामहरीचा साष्टांग नमस्कार, आणि ताईला नुसता नमस्कार (तिला वाकून केला की लगेच काय हवंय तुला असं विचारते).

तुमची साखर, गुडघा आणि पेरूची बाग ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तुम्ही बरं, ठेवतो म्हणता, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मजकूर पाठवला तर अंगठा दाखवून मोकळे होता. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. शिवाय विषय असा आहे की गेला आठवडाभर मला धड झोप नाही आणि जेवण नाही (जेवण नाही हे खोटं आहे, उलट आमच्या घरी जेवणंच फार झाली, ते पुढे येईल).

तर आमच्या सत्यशीलेनं मला नेवाशाला जनावरांच्या चाऱ्याचं जुनं कुट्टी मशीन बघायला धाडलं. ते विकणाऱ्या बाई म्हणजे बनुबाई. त्यांचे मालक आसाराम पूर्वी लग्नांना लाऊडस्पीकर लावायचे, आता ते हयात नाहीत. मशीन चांगलं होतं. पण त्याच्या शेजारी जी लाकडी पेटी होती ती मी सहज उघडली आणि दाजी, मशीन विसरलोच. आत रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्यावर ती तबकडी. कॉलेजात असताना नगरच्या होस्टेलवर ज्या इंग्रजी रॉक बँडच्या पायी मी एक अख्खं वर्ष गमावलं, त्यांचाच अल्बम. आमच्याकडे तेव्हा कॅसेट होती, तीही कॉपीची कॉपी, त्यात गिटार माठातून वाजवल्यासारखी यायची. ही अस्सल तबकडी. कव्हरवर जळालेलं शेत आणि मधोमध एक रिकामी खुर्ची. (बँडचं नाव लिहीत नाही. मागे सांगितलं होतं तेव्हा तुम्ही ते पेरूवर किती फवारायचं म्हणून विचारलं होतं.) कव्हर उलटं केलं तर मागे लाल ऑइलपेंटनं ठळक लिहिलेलं: पंगत.

मला काही उमजेना. तेव्हा बनुबाईंनी सांगितलं. नगरच्या कॅम्पात कुण्या साहेबाची बदली झाली, तेव्हा आसारामांनी त्याची तबकड्यांची पेटी न बघता उचलली, त्यात ही निघाली. "शिनेमाचं गानं तीन मिन्टात सरायचं," बनुबाई म्हणाल्या. "ह्यांनी घास घेतला की उठा, तबकडी बदला. लग्नागनिक आमी उपाशी. ही एकलीच लई लांब हुती. एका बाजूला एकच गानं. ही लावली की मशिनीपाशी दोगं बसून निवांत जेवायचो." म्हणजे बघा, जगातले रसिक त्या वीस मिनिटांच्या गिटारवर जीव टाकतात, आणि आसारामांनी ती निवडली कारण तेवढ्यात दोन माणसांचं जेवण होतं. पुढे कॅसेटा आल्या तरी पंगतीला त्यांनी हीच ठेवली. या भागात एक अख्खी पिढी या रॉकवर जेवली आहे.

मी पडलो जामखेडचा, लग्नानंतर सासऱ्यांची शेती बघायला इकडे आलेला, मला यातलं काय ठाऊक असणार. पण सत्यशीला इथलीच. इतकी वर्षं मी न्हाणीतून ही चाल गुणगुणत बाहेर आलो की ती मुकाट्यानं ताट वाढायची. मला वाटायचं, किती प्रेम. दाजी, ते प्रेम नव्हतं, ती सवय होती. (तिला विचारलं तर म्हणाली, दोन्ही. पण थांबून म्हणाली.)

कुट्टी मशीन राहिलं तिथंच. टेम्पो केला आणि पेटी, भोंगा आणि बनुबाई असे तिघे कुकाण्याला आणले. तबकडी त्या एकटी पाठवायला तयार नव्हत्या. विकायचं विचारलं तर बघू म्हणाल्या. भर दुपारी अंगणात मशीन मांडलं, सुई टेकवली. आधी ती जुन्या तबकडीची चरचर, तेलात मोहरी पडल्यासारखी, आणि मग गिटार. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शेजारचे कानिफनाथ तात्या नळावर हात धूत होते. तात्यांना एरवी शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला तरी ऐकू येत नाही. हात धुऊन ते भिंतीला टेकून मांडी घालून बसले. मग राहीबाई आल्या, रंगुबाई आल्या, मागच्या आळीतले म्हातारे काठ्या टेकत आले, आणि कुणी न सांगता ओळ धरून बसले. "पत्रावळ्या कुठं हायेत?" तात्यांनी मला विचारलं.

मी समजावून सांगायला लागलो की हा अभिजात रॉक आहे, तर तात्यांनी मला गप्प केलं. त्यांना तो अल्बम माझ्याहून जास्त पाठ आहे. हळू सुरुवात म्हणजे मीठ आणि चटणी. गिटार चढली की बुंदी. ड्रम सुरू झाले की आमटीची बादली. तो गाणारा ओरडला की भात. आणि भातापाशी तबकडीला एक ओरखडा आहे, तिथं सुई अडकून तेच तेच वाजतं. मी लाजेनं धावलो, तर सगळी ओळ समाधानानं म्हणाली, भात परत फिरवा. पूर्वीही ती तिथंच अडकायची आणि सुई सरकवेपर्यंत भाताची आणखी एक फेरी व्हायची. सत्यशीला दारात उभी होती. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पिठल्याला आधण ठेवलं. जेवून उठताना तात्या एवढंच म्हणाले, "बुंदी न्हाई केली व्हय?" आता रोज दुपारी गल्लीतून चौकशी असते, आज लावणार का म्हणून. सत्यशीला म्हणते, एक तर तबकडी राहील नाही तर पीठ.

पण मी सुखात आहे. मुक्कामाला असलेल्या बनुबाईंनी तबकडी अजून दिलेली नाही, पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला ठेवली आहे, तरी सुखात आहे. तुमच्याकडे काही काम नाही, सहज लिहिलं. पेरूला जपा, गुडघ्याला त्याहून जपा.

तुमचा,
रामहरी

ता. क. आमच्या भाचीच्या, धनश्रीच्या लग्नाची तयारी कुठवर आली? डीजे ठरवल्याचं ऐकलं. त्याला वरातीत काय वाजवायचं ते वाजवू द्या. जेवणाच्या वेळी फक्त वीस मिनिटं मला द्या. बनुबाईंची अट तेवढीच आहे: खऱ्या लग्नात, खऱ्या पंगतीला एकदा वाजली की तबकडी माझी.

ता. क. २. पंगत म्हटलं की बुफे चालणार नाही, हे वर लिहायचं राहिलं. उभ्यानं खाणाऱ्याला बुंदी आणि आमटीतला फरक गिटारवरून कळत नाही. मला मामाचा फेटा नको, आहेर नको, त्याच्या बदल्यात निदान एक ओळ तरी खाली बसवा. आचाऱ्याला सांगा, ड्रम वाजल्याशिवाय आमटी हलवायची नाही.

ता. क. ३. धनश्रीला विचारून झालंय. ती हो म्हणाली आणि पप्पांना तुम्हीच सांगा म्हणाली, म्हणून हे पत्र. तात्यांनाही आमंत्रण देऊन बसलोय, त्यांनी दाढी केली.

ता. क. ४. आता खरं ते. मघाशी मी बनुबाईंना विचारलं, ओरखड्यापाशी सुई सरकवायला कोण उठायचं? म्हणाल्या, "मीच की. ह्यांचा भात गार व्हायला नको." म्हणजे ती पंगत त्यांनी कधीच बसून पुरी केलेली नाही. तेव्हा दाजी, त्यांना ओळीत बसवा आणि काही झालं तरी उठू देऊ नका. मशिनीपाशी मी उभा राहीन. ताईला म्हणावं, माझं ताट झाकून ठेव.