तिसरी पायरी

सोमवार, ४ तारीख
रविवारी ताईच्या बाळाचा बाप्तिस्मा. धर्मपिता मी. बाळाला सन्मार्गाला लावणार कोण, तर मी. तेव्हा रविवारपर्यंत परिपूर्ण व्हायचं ठरवलं. सहा दिवस पुष्कळ झाले.
लायब्ररीत दिवसभर शिक्के मारले. खुर्च्या, डिंकाची बाटली, टेपच्या रोलवर वीत-वीत अंतराने. ग्रंथपाल झाल्यापासून हा नियम माझाच : वस्तू आली की शिक्का. लोकांचा काय भरवसा?
दुपारी धर्माच्या कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं. देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलंय. म्हणजे परिपूर्ण होणं आपल्याच हातात. मग लोक होत का नाहीत? आळस, दुसरं काय! पान ९ वर डुलकी लागली.
शिडीचा विषय या वहीत नको.

मंगळवार, सकाळी ८
पाचला उठणार होतो. अलार्म बंद केला. तोही स्वेच्छेनेच.

मंगळवार, संध्याकाळी
शिडीचा विषय, केवळ नोंद म्हणून. गेल्या महिन्यात पंखा पुसायला भावोजींची लाकडी शिडी आणली. तिसरी पायरी मोडली. टेप गुंडाळली, वर तपकिरी रंग दिला, गुपचूप परत ठेवली. काम सफाईदार झालं होतं. गेल्या शनिवारी भावोजी तिच्यावर चढले. पाय प्लास्टरमध्ये. आपलंच वजन वाढलंय, असं त्यांचं म्हणणं. मी मौन पाळलं. मौन हा सद्गुण आहे.

बुधवार
पान ४०. वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, तो चांगल्याचा अभाव! केवढं ओझं उतरलं. म्हणजे मी काही वाईट केलं नाही. तिथे पायरीचा अभाव होता, इतकंच.
बायकोला हे समजावताना दूध उतू गेलं. मी म्हणालो, हा लक्षाचा अभाव. ती म्हणाली, ओटा पुसा, फडक्याचा अभाव नाहीये.

गुरुवार
भावोजींकडे गेलो. ताटात उकडलेला दुधी. शिडीला मी पेललो नाही रे, म्हणाले. सांगणारच होतो, पण आजारी माणसाला कशाला त्रास? परतल्यावर आहारावरची तीन जाड पुस्तकं पाठवून दिली. त्यांना सोबत म्हणून मीही रात्रीचं जेवण सोडलं.
नंतर सहा बिस्किटं. बिस्किटांना जेवण म्हणत नाहीत.

शुक्रवार
भूक. परिपूर्णता जवळ आली असावी, चक्कर येते.

शनिवार
चर्चमध्ये कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली. यादी तयार होती : बायकोची चिडचिड, शेजाऱ्याचा रेडिओ, लायब्ररीतल्या शिपायाचा आळस. फादर म्हणाले, ते लोक आपापलं येऊन सांगतील, तुमचं बोला. मग शिडी निघाली. अभावाचं तत्त्वही ऐकवलं.
"भावोजींना सांगा," फादर म्हणाले. "बाळाला हातात घ्यायच्या आत."
आता सांगायचं की नाही, हे ठरवायला मी स्वतंत्र आहे. ठरवलं. सांगायचं. पत्राने. पुढच्या आठवड्यात.

रविवार, दुपारी
बाळ माझ्या हातात. फादरनी विचारलं, सर्व वाइटाचा त्याग करता का? समोर कुबड्या घेऊन भावोजी. बाळ माझ्याकडे टक लावून बघत होतं. 'करतो' म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, "शिडी मी मोडली."
"ठाऊक आहे," भावोजी म्हणाले. "रंगाखालच्या टेपवर तुझ्या लायब्ररीचे शिक्के आहेत."
सगळ्यांना भावोजी पडले त्या शनिवारपासूनच ठाऊक! ताई हळूच म्हणाली, तू स्वतःहून सांगतोस का, ते बघत होतो. दुधी फक्त मी येईन तेव्हा शिजायचा. माझी तीन पुस्तकं प्लास्टरखाली टेकू म्हणून छान बसली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हायसंही वाटलं. फादरनी प्रश्न पुन्हा विचारला. "करतो," म्हणालो. मनापासून म्हणालो.

रविवार, संध्याकाळी
शिक्षा म्हणून शिडी दुरुस्तीला माझ्याकडे आली. तिसरी पायरी स्क्रू मारून पक्की बसवली. खात्री करायला वर चढलो. चौथी मोडली.
तडक भावोजींकडे निघालो. आता लपवाछपवी बंद. पण कोपऱ्यावर विचार आला, आज त्यांच्या घरी आनंदाचा दिवस, कशाला विरजण घाला?
तिथल्याच दुकानातून टेप घेऊन परत आलो. बिनशिक्क्याची.