तोंडाशीचा माल

नागपूर, मंगळवार

जनका,

तुले दुरून जयभीम. मी बरा आहो, जेवण जाते. फोनवर तुह्या बाजूले आपली पोरगी असते, म्हणून लिहून राह्यलो.

मागच्या आठवड्यात मशीनवर फोटो पाहत पाहत माह्या फुप्फुसातल्या गाठीत सुई घातली. फुप्फुसातून छातीत थोडी हवा सुटली, पण ते आपोआप जिरते म्हणे. काल रिपोर्ट आला, काढलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला नाही.

मले पटलं नाही. तीस वर्सं मेहकरच्या बाजारात अडत्याकडे पोते पारखले मी. लोकं तोंडाशी चांगलं सोयाबीन भरत अन् तळाशी भिजलेलं, म्हणून मी लोखंडी नळी तळापर्यंत खुपसो. डॉक्टरीणबाईले इचारलं, "सुई गाठीत कुठं गेली?" वाटलं, चिडंन.

तिनं फोटो दाखवला. "काठाला लागली, काका. मलाही या रिपोर्टवर भरवसा नाही. शुक्रवारी मधोमध घालू."

जनका, बाई माह्यासारखीच संशयी निघाली. ह्या एका पोत्यात ते फसली असती तर बरं झालं असतं.

तुहे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का?

पोरीले मात्र तोंडाशीचंच सांगजो, रिपोर्ट चांगला आला म्हणून.

तुहा,
जानराव