दीडशे वर्षांची चाळ

गिरगाव, मुंबई
ता. १४ नोव्हेंबर १९५८

चि. हेमचंद्र,

चाळीस पोरं एका दमात आर्या म्हणताहेत आणि दर चरणाला पाटीवर लेखणीचा ठोका पडतो आहे, असा तो आवाज तुला आठवतो का? आपल्या चाळीच्या तळमजल्यावरची माझी शाळा जाऊन तिथं छत्र्यांचं दुकान आलं, तरी सकाळी सातला माझे कान टवकारतातच. असो. तुला व चि. सौ. शैलाला नानामामाचे अनेक आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? शिवाजी पार्काचा वारा मोकळा खरा, पण छातीला बाधतो. (इथं तसली भीती नाही. वारा येतच नाही.)

मी खुशाल आहे. म्हणजे चाळीतलं कुणी माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे शांतता आहे. त्याचं झालं असं. 'मध्यनगर पुनरुज्जीवन मंडळ' नावाचं एक मंडळ निघालं आहे. जुन्या वस्तीत नवा जीव ओतायचा, ऐतिहासिक वास्तू सरकारी खर्चानं दुरुस्त करून जपायच्या, असा त्याचा हेतू. (जीव ओतायचा म्हणजे आधीचा काढावा लागतो, हे पत्रकात छापलं नव्हतं.) मला वाटलं, आपली लाकडी नक्षीची गॅलरी, तुझ्या आजोबांनी भाड्यानं घेतलेली ही खोली, हे सगळं यात जपलं जाईल. मी अर्ज लिहिला. तीन पानं गद्य आणि चौथं शार्दूलविक्रीडितात, कारण इतिहास नुसत्या गद्यात शोभत नाही. त्यातली एक ओळ मला अजून आवडते:

भेगा ह्या नसती, मुखेंच असती या थोर वास्तूस हीं

चाळ सत्तर वर्षांची, हे तुला ठाऊक आहे. पण यतीनंतर 'सत्तर' काही केल्या बसेना, 'दीडशे' चटकन बसलं. वृत्तासाठी माणूस काय करत नाही!

सह्या गोळा करायला मात्र अर्धा तासही लागला नाही. हल्ली गिरगावात कागद पुढं केला की लोक तो संयुक्त महाराष्ट्राचाच समजतात, वाचत नाहीत. एक्केचाळीस सह्या झाल्या. शेजारच्या राधाबाईंनी तर अंगठा उठवून वर घोषणाही दिली. आपण काय मागतो आहोत ते समजावून सांगावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण एवढा उत्साह मोडवेना.

मग मंडळाचे इंजिनियर आले. गोरेगोमटे, नम्र. मी त्यांना गॅलरीत उभं करून चौथं पान चालीवर म्हणून दाखवलं. प्रत्येक चरणाला ते मान डोलावत आणि वहीत उतरवून घेत. चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण इतका एकाग्र श्रोता मिळाला नव्हता. मी त्यांना चहा दिला, वर दोन श्लोक जास्त म्हटले. 'डळमळे' हा शब्द त्यांनी पुन्हा म्हणायला लावला.

महिन्यानं नोटीस आली. वय: दीडशे वर्षे. भेगा: असंख्य. जिना: डळमळीत. आधार: रहिवाशांचा सह्यांनिशी लेखी कबुलीजबाब. वास्तू ऐतिहासिक ठरली, तेव्हा ती जपणार. पण राहण्यास धोक्याची, तेव्हा माणसांनी महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्यात. मुलुंडच्या पलीकडं, गवतात, प्रत्येकाला एक खोली मिळेल. दिवे नंतर येतील.

समोरचे बाबुराव छापखान्यात कंपोझिटर. ते तरी माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. म्हणाले, "नानानु, माका वाटला म्हाराष्ट्राची सही. घराची असा म्हणान सांगूचा नाय?" राधाबाई दारातूनच ओरडल्या, "मुंबई मिळवायला अंगठा दिला, मास्तर, आणि तुम्ही आमची मुंबईच सोडवलीत! कविता कराव्यात त्या मेल्या देवावर कराव्यात!"

मी मात्र हलणार नाही. बासष्ट वर्षं या खोलीत काढली, पुढचीही इथंच. कुणाच्या दारात जाऊन ओशाळं व्हावं, असा माझा पिंड नाही, हे तू जाणतोसच. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
नानामामा

ता. क. तुमच्या मागच्या बाजूची ती बंद गॅलरी, जिथं शैला पापड वाळवते, तिच्यात एक खाट आणि पुस्तकांची एक पेटी मावेल काय? शैलाला इतक्यात विचारू नकोस. मी चालीवर काही म्हणत नाही, असं मात्र तिला सहज बोलता बोलता सांगून ठेव.

ता. क. दुसरा. वरचं विसर. मंडळाला नवा अर्ज लिहितो आहे, संपूर्ण गद्यात. चाळ सत्तर वर्षांची, भेगा तीन, जिना भक्कम. राधाबाईंना आधी वाचून दाखवीन, मगच अंगठा घेईन. इंजिनियर भला माणूस आहे, ऐकेल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. इंजिनियरसाहेबांच्या पत्नी आल्या आहेत, सोबत सुतार. दुरुस्तीनंतर देखरेखीसाठी मंडळाचा एक अधिकारी इथं राहायचा आहे म्हणे, आणि साहेबांना माझ्या गॅलरीचं वर्णन फार भावलं होतं. बाई आत्ता फीत घेऊन माझी खिडकी मोजताहेत. पडद्यासाठी. फितीचं दुसरं टोक मला धरायला सांगितलं आहे, म्हणून इथंच थांबतो.