पलीकडची शेगडी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तक्रार ऐक. तू पलीकडच्या तुझ्या घराला कुलूप लावून गेलास आणि माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. कितीदा चुना लावला, तरी पोपडे पडतातच. शेवटी गवंड्याला बोलावलं. तो भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "बाई, गळत कुठेच नाही. ही दगडी घरांची ओळ बांधणाऱ्यांनी दोन घरांत भिंत एकच ठेवली आणि दोघांच्या शेगड्या तिला पाठीला पाठ लावून बसवल्या. पलीकडची विझली, की अलीकडे ओल येणारच."

रस्त्यावरून मात्र ओळ अजून एकसारखी दिसते. त्याच कमानी, तीच धुराडी. तुझ्या धुराड्यात कबुतरं होती, ती हुसकावली. आता रोज संध्याकाळी तुझ्याकडे जाऊन शेगडी पेटवते. कोळशाची बादली उचलताना कंबर बोलते.

"भाऊ आला वाटतं? धूर दिसला," शेजारीण विचारते.

"छे गं, भिंतीसाठी चाललंय."

भिंत केव्हाच सुकली. तरी जाते.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर येशील, पण भिंत बघायला.

काल तुझ्याकडून परत आले, तर माझी शेगडी विझलेली. दमून भिंतीला हात टेकला आणि भिंत कोमट लागली. क्षणभर वाटलं, पलीकडे तू आहेस. मग हाताला लागलेला कोळसा दिसला.

भिंतीअलीकडून,
ताई