हळदीत ओवीने दिलेला नकार

रविवार, कोन गावाहून हळद आटोपून आल्यावर

अजून धक्का ओसरलेला नाही. माझी पुतणी ओवी नऊ वर्षांची. धामणकर नाक्याजवळच्या क्लासमध्ये तिला जोडीचा नाच आणि शिष्टाचार शिकवतात. मी दोन महिने वहिनीला सांगतेय, बंद कर ते. भिवंडीत कुणाबरोबर वॉल्ट्झ करणार ती?

आज डीजे सुरू झाला आणि आमच्या काकांनी नेहमीसारखं तिला हात धरून ओढलं. "ये गो, नाच!"

ओवीने हात सोडवून घेतला. क्लासमध्ये शिकवतात तशा टाचा जुळवल्या, मान किंचित झुकवली. "आत्ता नको, आजोबा. थँक यू."

"आगो, मॅडम झाली ही!" काका हसले आणि खरंच बाजूला झाले. फार तर दहा सेकंद लागले असतील.

आमच्याकडे हळदीत कुणी ओढलं की नाचायचंच असतं. मी चौदाव्या वर्षापासून नाचतेय, मनगट दुखेपर्यंत. नको म्हणता येतं, हे मला कुणी... पण मला तरी कसं सुचलं नाही? टाचा जुळवायच्या आणि सांगायचं. इतकंच.

घरी येताच वहिनी ओवीवर चिडली. "चारचौघांत शोभा केलीस! उद्यापासून क्लास बंद."

"बंद नाही," मी म्हणाले. "उद्या मी सोडते तिला क्लासला."